चुण्यांवर जाऊ नका, बिजागरी बघा: प्लिकॅट्युला शिंपला ओळखण्याची सविस्तर पद्धत

किनाऱ्यावर शिंपले वेचणाऱ्याच्या पिशवीत कधी ना कधी एक लहानसा, आकाराच्या मानाने जाड आणि जड शिंपला येतो. रंग मळकट पांढरा, त्यावर तांबूस-तपकिरी बारीक रेघा, आणि चोचीपासून, म्हणजे बिजागरीजवळच्या टोकापासून, कडेपर्यंत फाकत गेलेल्या पाच-सात ठसठशीत चुण्या. घरी आल्यावर कुणी त्याला कालवाचं पिल्लू म्हणतं, कुणी स्कॅलपचा, म्हणजे पंख्याच्या आकाराच्या शिंपल्याचा, तुटका तुकडा, आणि तो डब्याच्या तळाशी जातो. तो प्लिकॅट्युला असण्याची शक्यता असते. हा शिंपला मला फार आवडतो आणि त्याची अशी हेळसांड पाहवत नाही, म्हणून त्याची ओळख पटवण्याची पद्धत पायरीपायरीने लिहितो आहे. या पद्धतीने कालव, स्कॅलप आणि त्यांचे बाकीचे भाऊबंदही वेगळे करता येतात. त्यामुळे प्लिकॅट्युला हाती लागला नाही तरी तुमचा डबा नीट लागेल.

आधी घराणं समजून घेऊ

प्लिकॅट्युलिडे हे खाऱ्या पाण्यातल्या लहान शिंपल्यांचं कुटुंब. आज जिवंत असलेल्या त्याच्या जाती मोजक्याच आहेत आणि त्या सगळ्या प्लिकॅट्युला या एकाच वंशात येतात. हा वंश लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८०१ साली मांडला. त्याआधी सजीवांच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने यातल्या एका जातीला स्पाँडिलस, म्हणजे काटेरी शिंपल्यांच्या वंशात बसवलं होतं. ते का, हे बिजागरीपाशी पोचलो की कळेल.

दोन जाती लक्षात ठेवल्या तरी पुरे. प्लिकॅट्युला प्लिकाटा ही हिंदी महासागर आणि पश्चिम पॅसिफिकच्या उबदार पाण्यातली, म्हणजे आपल्या बाजूची. प्लिकॅट्युला गिबोसा ही अटलांटिकपलीकडची: अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनापासून फ्लोरिडा, मेक्सिकोचं आखात, वेस्ट इंडीज आणि खाली ब्राझीलपर्यंत. तिकडे तिला मांजरीच्या पिल्लाचा पंजा म्हणतात. फ्लोरिडात राहणाऱ्या मराठी वाचकांना सॅनिबेलसारख्या किनाऱ्यावर ती सहज सापडेल. आपल्याकडे शोधायला जास्त चिकाटी लागते, कारण हा प्राणी मुख्यतः ओहोटीच्या रेषेखाली राहतो आणि खडकावर कालवांसारखे त्याचे थरच्या थर नसतात.

राहण्याची तऱ्हा मात्र कालवासारखीच. पिल्लू एकदा एखाद्या दगडावर, मेलेल्या शिंपल्यावर किंवा प्रवाळाच्या तुकड्यावर बसलं की आपली एक झडप, म्हणजे शिंपल्याच्या दोन भागांपैकी एक, तिथे सिमेंटसारखी चिकटवतं आणि जन्मभर तिथेच राहतं. त्यामुळे बसायला जशी जागा मिळाली तसा आकार. सपाट जागा मिळाली तर शिंपला पसरट होतो, खाचेत बसला तर वेडावाकडा. काही शिंपले फक्त चोचीच्या टोकाने चिकटतात, काहींची जवळजवळ अख्खी झडप चिकटलेली असते. एकाच जातीचे दोन शिंपले शेजारी ठेवले तर वेगळ्या जातीचे वाटावेत इतका फरक पडतो. चिकटून जगणाऱ्या शिंपल्यांची ओळख नुसत्या बाहेरच्या रूपावरून करू नये, ती याचसाठी. चुण्या दिसतात आधी, पण त्या बघायच्या शेवटी.

कधी जायचं

ओहोटी जितकी खाली जाईल तितकं चांगलं, म्हणजे उधाणाचे दिवस: अमावास्या-पौर्णिमा आणि त्यांच्यानंतरचे दोन-तीन दिवस. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी फार मागे सरत नाही. तेव्हा जाऊन हाती काही लागत नाही.

कोकण किनाऱ्यावर वेळ काढायचा जुना हिशोब आजही कामाचा आहे. तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ येते. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे पूर्ण भरती दुपारी दीडच्या सुमारास, आणि ओहोटी त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी, सकाळी सव्वासातच्या आसपास. तृतीयेला भरती सव्वादोनला, ओहोटी आठच्या सुमारास. या दोन तिथी मला सर्वांत सोयीच्या वाटतात, कारण पाणी खूप खाली असतं, उजेड चांगला असतो आणि ऊन अजून चढलेलं नसतं. हिशोब अंदाजाचा आहे. निघण्यापूर्वी जवळच्या बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघाच. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी खडकावर पोचा आणि पाणी परत फिरायला लागलं की बाहेर या. पावसाळ्यात खडकाकडे फिरकू नका. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला.

कुठे बघायचं

तीन ठिकाणं. पहिलं, वाळूवर भरतीने सोडलेली कचऱ्याची रेघ. इथे सुटी झडप मिळते, बहुधा वरची, कारण खालची दगडाला चिकटूनच राहते. दुसरं, ओहोटीच्या अगदी खालच्या टोकाला उघडे पडणारे दगड आणि त्यांच्या कपारी. तिसरं ठिकाण लोक विसरतात: रापणीच्या किंवा ट्रॉलरच्या जाळ्यातून मासळीबरोबर आलेला आणि निवडून टाकलेला कचरा. त्यात खोल पाण्यातले मेलेले मोठे शंख-शिंपले असतात आणि त्यांच्या पाठीवर लहान शिंपले चिकटलेले असतात. जेट्टीवर विचारून, परवानगी घेऊन तो ढीग चाळा. मोठा शंख उचलून लगेच टाकून देऊ नका, उलटापालटा करून त्याच्या पाठीवर कोण बसलंय ते बघा.

सोबत दहापट मोठं दाखवणारं हातातलं भिंग, जुना टूथब्रश, झिप लावायच्या लहान पिशव्या, पेन्सिल, कागदाचे तुकडे आणि पकडीची रबरी तळव्याची पादत्राणं घ्या. चपला घालून शेवाळलेल्या खडकावर जाऊ नका. मोजपट्टी नसेल तर १० रुपयांचं नाणं चालतं. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. प्लिकॅट्युला गिबोसा सहसा या नाण्याच्या आसपास किंवा त्याहून लहान असतो, प्लिकाटा त्याहून थोडा मोठा होऊ शकतो. तळहाताएवढा शिंपला असेल तर तो दुसरा कुणीतरी आहे.

पहिली पायरी: आतले वण मोजा

शिंपला ओल्या ब्रशने आतून स्वच्छ करा आणि उजेडात तिरपा धरा. दोन्ही झडपा मिटून धरणारा स्नायू जिथे चिकटलेला असतो तिथे थोडा वेगळा चमकणारा वण राहतो. तिसऱ्या, शिवल्या, खुबे या आपल्या ताटातल्या मंडळींमध्ये असे दोन वण असतात, एक या बाजूला, एक त्या बाजूला. कालव, स्कॅलप, स्पाँडिलस आणि प्लिकॅट्युला यांच्यात एकच.

दोन वण दिसले तर शोध तिथेच थांबला. कार्डिटा नावाचे जाड, फुगीर शिंपले आणि खडकाला चिकटणारे, पापुद्र्यांनी भरलेले कॅमा हे दोघे नवख्या माणसाला हमखास फसवतात. दोघांनाही दोन वण असतात, त्यामुळे या पायरीवर ते गळून पडतात. आणि मुळात बिजागरीच नसेल, नुसती चुण्यांची टोपी असेल, तर तो शिंपलाच नव्हे. खडकावर बसणारी सायफोनेरिया नावाची गोगलगाय असते, तिचं कवच दुरून अगदी असंच दिसतं.

एका जागी तीन वणांचा पुंजका दिसला आणि शिंपला पातळ, चकचकीत, पिवळसर-नारिंगी असेल, तर तो अनोमिया. त्याच्या खालच्या झडपेला आरपार भोक असतं. त्यातून तो दगडाला धरून राहतो. तोही याच गोतातला, पण लांबचा.

दुसरी पायरी: कान आहेत का

स्कॅलपच्या चोचीच्या दोन्ही बाजूंना चपटे त्रिकोणी कान असतात आणि त्यामुळे बिजागरीची रेघ सरळ, लांब दिसते. स्पाँडिलसलाही लहान कान असतात. प्लिकॅट्युलाला कान नसतात. झडप चोचीशी निमुळती होत जाते. पण लाटांनी घासून कान झिजून गेलेले स्कॅलपही किनाऱ्यावर मिळतात. म्हणून कान दिसले तर प्लिकॅट्युला नाही हे पक्कं. कान नाहीत एवढ्यावर मात्र निकाल देऊ नका. स्कॅलप बहुधा हलका आणि पातळ असतो, त्याच्या शिरा आखल्यासारख्या एकसारख्या असतात आणि चिकटल्याची खूण कुठेच नसते.

तिसरी पायरी: उजवी कूस की डावी

ही पायरी मला सगळ्यांत आवडते, कारण साध्या डोळ्यांनी एका प्रचंड जुन्या नात्याचा पुरावा दिसतो. कालव डाव्या झडपेने चिकटतं. प्लिकॅट्युला उजव्या झडपेने चिकटतो. स्पाँडिलसही उजव्याच. अनोमिया उजव्या बाजूवरच बसतो आणि स्कॅलप समुद्राच्या तळावर निजतो तोही उजव्या कुशीवर. म्हणजे कालवासारखी राहणी असूनही प्लिकॅट्युलाचं रक्त स्कॅलपच्या बाजूचं आहे. कालवाशी त्याचं नातं आहे, पण चुलत घराण्याचं.

आता हातातली झडप उजवी की डावी हे ठरवायचं कसं? आतली बाजू तुमच्याकडे आणि बिजागरी वर, अशी झडप धरा. स्नायूचा वण मधोमध नसतो, एका बाजूला सरकलेला असतो. तो तुमच्या उजव्या हाताकडे असेल तर झडप उजवी, डाव्या हाताकडे असेल तर डावी.

याचा सराव कोकणातल्या कुठल्याही खडकाळ किनाऱ्यावर फुकटात होतो. बायका कालवं फोडून आतला गर काढून नेतात, तेव्हा खालची झडप खडकालाच राहते. पांढऱ्या वाट्या सगळीकडे दिसतात. त्यातल्या एकेका वाटीची बिजागरी शोधा, ती वर येईल असे उभे राहा आणि वण कुठे आहे ते बघा. डाव्या हाताकडे सापडेल. हात बसेपर्यंत बऱ्याच वाट्यांवर करा. कालवाचा आकार वाकडातिकडा असल्याने एखाद्या वाटीत गोंधळ होतो, दहा-बारा बघितल्या की शंका राहत नाही.

मग तुमच्या संशयिताकडे वळा. चोचीजवळ चिकटल्याची खूण शोधा: तिथे चुण्या नसतात, पृष्ठभाग चपटा किंवा खडबडीत असतो आणि कधी कधी ज्यावर तो बसला होता त्या वस्तूचा ठसाच उमटलेला असतो. अशी खूण असलेली झडप उजवी निघाली तर कालव बाद झालं. एक सावधगिरी बाळगा. खाली दुसऱ्या शिंपल्याच्या रेघा असल्या तर वाढताना त्या वरच्या झडपेवरही उमटतात. त्यामुळे ठसा दिसला म्हणजे तीच चिकटलेली झडप असं लगेच मानू नका; सिमेंटचा अंश किंवा तुटल्याची कड दिसते का ते भिंगातून बघा.

सुटी वरची झडप मिळाली असेल तर हीच कसोटी उलटी लागते. प्लिकॅट्युलाची वरची झडप डावी असते, कालवाची उजवी.

चौथी पायरी: बिजागरी

खरा निकाल इथे लागतो, त्यामुळे घाई नको. चोचीच्या आतल्या बाजूला अडकलेली वाळू ओल्या ब्रशने किंवा लाकडी काडीने काढा. धातूची सुई वापरू नका, दात खरवडले जातात. मग भिंग लावा.

प्लिकॅट्युलाच्या प्रत्येक झडपेत दोन मजबूत दात असतात, चोचीपासून दोन बाजूंना फाकत गेलेले. भिंगातून त्यांच्या अंगावर आडव्या बारीक खाचा दिसतात. दोन दातांच्या मधे एक अरुंद, लांबट खड्डा असतो आणि शिंपला ताजा असेल तर त्यात काळपट-तपकिरी, सुकलेल्या डिंकासारखा पदार्थ दिसतो. तो अस्थिबंध: स्नायू सैल पडला की झडपा उघडणारी स्प्रिंग. एका झडपेचे दात दुसरीच्या खाचांत इतके घट्ट बसतात की प्राणी मेल्यावरही झडपा लगेच सुटत नाहीत. जोडी शाबूत मिळाली तर जोर लावून उघडू नका, दात मोडतील. रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवा आणि हळूच फाकवा.

बाकीच्यांशी ताडून बघा. कालवाच्या बिजागरीला दातच नसतात, फक्त अस्थिबंधाची पन्हळ असते. मात्र खडकावरच्या आपल्या कालवाच्या कडेला आत बारीक मण्यांची रांग असते आणि तिला दात समजून पुष्कळ जण चुकतात. ते मणी कडेकडेने पसरलेले असतात. खरे दात चोचीखालीच, एका जागी असतात. स्कॅलपमध्ये मधोमध त्रिकोणी खड्डा असतो, पण असे एकमेकांत अडकणारे जाड दात नसतात. स्पाँडिलस हा सर्वांत जवळचा तोतया, कारण त्याचीही बिजागरी दोन-दोन दातांची आणि विलक्षण मजबूत. लिनियसने दोघांना एकत्र का टाकलं ते इथे कळतं. पण स्पाँडिलसचे दात गोलसर गाठीसारखे असून समोरच्या खोबणीत बसतात, त्याला कान असतात, पाठीवर काटे किंवा काट्यांचे खुंट असतात आणि तो पुष्कळ मोठा होतो.

पाचवी पायरी: आता चुण्या

एवढं जुळल्यावर बाहेरचं रूप बघा. चुण्या थोड्या आणि रुंद असतात, कडेला पोचेपर्यंत त्यांची नागमोडी कड होते आणि दोन्ही झडपांच्या कडा एकमेकींत बसतात. गिबोसाच्या चुण्यांवर तांबूस-तपकिरी किंवा राखाडी बारीक रेघा असतात; उन्हात पडून राहिलेल्या शिंपल्यावरून त्या उडून जातात. आतली बाजू पांढरी, मोत्याची झळाळी नाही. झळाळी असेल तर पुन्हा पहिल्या पायरीवर जा.

नोंद आणि फोटो

चार फोटो काढा: बाहेरून, आतून, कडेवरून, आणि बिजागरीचा भिंगातून. चौथा नसेल तर कुणीही जाणकार नक्की नाव सांगू शकणार नाही, आणि लोक नेमका तोच काढत नाहीत. मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे भिंग धरूनही तो चांगला निघतो. चिठ्ठीवर पेन्सिलीने किनारा, तारीख, कोणत्या वस्तूवर चिकटला होता आणि सुटा मिळाला की जोडीने, हे लिहा. शाई दमट हवेत पसरते. मेलेल्या शंखावर चिकटलेला मिळाला तर तो खरवडून वेगळा करू नका, शंखासकट ठेवा. कुणावर बसला होता ही अर्धी माहिती आहे.

जिवंत असेल तर त्याला आहे तिथेच राहू द्या. तो खडकावरून निघतो तो मरूनच, त्यामुळे फोटोवर समाधान माना.

कायद्याचंही भान ठेवा. मालवणच्या सागरी अभयारण्यातून काहीही उचलायचं नाही. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, तेव्हा शिंपल्यासाठी प्रवाळाचा तुकडा तोडणं हा गुन्हा आहे. गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना बसवलेला तो पातळ, उजेड गाळणारा मोठा शिंपला, प्लॅक्युना प्लासेंटा, हाही याच गोतातला आणि तोही संरक्षित. झुआरीच्या मुखाशी, चिखलीच्या उपसागरात तो राहतो. तिथे गेलात तर बघून परत या. फ्लोरिडातल्या सॅनिबेल बेटावर १९९५ पासून जिवंत शिंपले उचलायला बंदी आहे, रिकामे चालतात.

स्वच्छता आणि साठवण

साध्या पाण्यात दोन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, मऊ ब्रशने घासा आणि सावलीत वाळवा. व्हिनेगर, लिंबू, चिंच, टॉयलेट क्लीनर यातलं काहीही लावू नका. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, आम्लाने तो विरघळतो आणि सर्वांत आधी बारीक खाचा जातात. ब्लीचने शेवाळ निघतं, पण अस्थिबंधही विरतो. म्हणून अभ्यासाच्या शिंपल्याला ब्लीच नको. चमक यावी म्हणून तेल किंवा वॉर्निशही नको.

कोकणच्या आणि मुंबईच्या हवेत खरा शत्रू आहे लाकडी कपाट. लाकूड, प्लायवुड आणि साधा पुठ्ठा यांतून ॲसिटिक आम्लाची वाफ सुटत राहते. ओलावा असला की ती शिंपल्यावर पांढरी भुकटी धरते आणि शिंपला हळूहळू खाते. याला बाइनचा रोग म्हणतात. १८९९ मध्ये बाइन या ब्रिटिश निसर्गअभ्यासकांनी याचं कारण जिवाणू असावेत असं मानलं होतं. प्रत्यक्षात ही नुसती रासायनिक प्रक्रिया आहे. शिंपले झिपच्या पिशवीत किंवा काचेच्या बाटलीत, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी घाला आणि पावसाळ्याआधी ती बदला. भुकटी दिसलीच तर तो शिंपला बाकीच्यांतून बाजूला काढा, पाण्याने नीट धुऊन पूर्ण वाळवा आणि डबा बदला.

नाव पक्कं करताना

वंशापर्यंत तुम्ही स्वतः पोचाल. जातीचं नाव मात्र घाईने लावू नका, कारण आकार आणि रंग इतके बदलतात की जाणकारांनाही अनेक नमुने शेजारी ठेवावे लागतात. चारही फोटो आणि चिठ्ठीतली माहिती आयनॅचरलिस्टवर, म्हणजे सजीवांच्या नोंदी करून ओळख पटवण्याच्या संकेतस्थळावर, टाका आणि 'प्लिकॅट्युला' एवढंच लिहा. मुंबईत मरीन लाइफ ऑफ मुंबई या निसर्गप्रेमींच्या गटाच्या किनाराफेऱ्या असतात, तिथे नजर तयार होते.

आणि कधी कच्छला गेलात, तर तिथल्या ज्युरासिक काळातल्या खडकांत किंवा तमिळनाडूत अरियलूरच्या क्रिटेशस खडकांत याच वंशाचे जीवाश्म आहेत. या कुटुंबाचा इतिहास २० कोटी वर्षांहून मागे जातो. तिथे बिजागरी बहुधा दगडात गाडलेली असते, दिसते ती पाठ. अशा वेळी चिकटल्याची खूण, कानांचा अभाव आणि चुण्यांची ठेवण एवढ्यावरच काम भागवावं लागतं. त्यासाठी आधी आजचे शिंपले भरपूर हाताळलेले असले पाहिजेत.